हरळीचं औषध

हरळी मला आजही डोळ्यांसमोर नको. लढाईच्या दिवसांत लग्न होऊन मी मुरबाडहून आटगावजवळ सासरी आले, तेव्हा सोबत अनंताची एक फांदी आणली होती. आई गेल्यावर भावाने गोठा वाढवायला तिने लावलेलं अनंताचं फुलझाड तोडलं, त्यातलं वाचलं ते एवढंच. परसात फांदी जगली आणि हरळीने तिला घेरलं. खुरपून खुरपून माझी बोटं सोलली, तरी चार दिवसांत पुन्हा सगळं हिरवंगार! जीव नुसता मेटाकुटीला आला.

आमचे हे स्टेशनात कामाला. रुळांमधलं गवत मारायचं औषध त्यांनी डबाभर मागून आणलं आणि मला बजावलं, "उघडीप बघ. फडकं भिजवून नुसती पाती पूस. मातीत मुरलं तर आजूबाजूचं काय वाचायचं नाय." श्रावणातल्या उघडिपीत दोन दिवस ओणवी राहून मी एकेक पातं पुसलं. हरळी खरोखर पिवळी पडली. पण अनंताच्या बुडाशी वीतभर तुकड्याला सासूबाईंनी हात लावू दिला नाही.

"गणपती आलं. देवापुरती ऱ्हावं दे गो."

देवापुरती! दूर्वा म्हणजे हरळीच, आणि ती रानभर पसरलेली. पण यांच्या देवाला माझ्याच झाडाच्या बुडातली हवी. गणपती गेले, तरी तो तुकडा तसाच. महिन्याभरात तिथून धुमारे फुटून साफ केलेली सगळी जागा पुन्हा भरली. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. सासूबाई शेतावर गेल्या होत्या. उरलेलं औषध मी फडकंबिडकं न घेता त्या तुकड्यावर भसाभसा ओतलं. संध्याकाळी पाऊस आला.

आठवड्यात अनंताची पानं करपली, मग गळून गेली. हरळीला काय, कडेकडेने ती होतीच.

एका सकाळी पाहते तर सासूबाई तिथे बसून ती मुळांसकट उपटत होत्या. मी खेकसले, "आत्याबाई, आता कशाला? ठेवा की देवाला!"

त्यांनी मान वर केली नाही. "तुझ्या आयचं झाड माझ्या हरलीनं खाल्लं गो. देवाला रानात व्हती की. माझीच अक्कल गेली."

मी त्यांच्याशेजारी बसून उपटू लागले. डबा मीच ओतला होता, हे त्या जाईपर्यंत मला सांगवलं नाही.