अंतर्गत परीक्षेतले चार सद्गुण

मूल या गावातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं तत्त्वज्ञान शिकवतो आहे. वर्गात सात विद्यार्थी असतात, त्यातले चार नुसते हजेरीपटावर आणि तीन बाकावर. शेवटच्या वर्षाला नीतिशास्त्राच्या पेपरात मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंतांचे चार मुख्य सद्गुण येतात: विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं माणसाचं सगळं चांगलं वागणं या चारांवर फिरतं, असं त्या लोकांचं म्हणणं. माझ्या नोट्स पिवळ्या पडल्यात, पण सद्गुण काही शिळे होत नाहीत, असं मी दरवर्षी वर्गात म्हणतो आणि दरवर्षी त्यावर एकटाच हसतो.

एका वर्षी अंतर्गत परीक्षेच्या वीस गुणांसाठी मी काम दिलं. चारही सद्गुणांची स्वतःच्या जगण्यातली उदाहरणं लिहा, म्हटलं. सहा वह्या वेळेवर आल्या. सहाही वह्यांत एकच पोरगा एकाच नदीत बुडत होता आणि सहाही जणांनी त्याला बाहेर काढलं होतं. गाइडच एक, त्याला कोण काय करणार! मी सगळ्यांना सोळा-सतरा देऊन टाकले. सातवी वही जंगलाला लागून असलेल्या गावातल्या एका मुलीची होती आणि ती आठ दिवस उशिरा आली, कारण त्या दिवसांत ती पहाटेच घरच्यांबरोबर मोहफुलं वेचायला जायची. लिहिलं होतं तेही मोहफुलांबद्दलच. व्याख्या नाही, एकाही ख्रिस्ती विचारवंताचं नाव नाही. माझं डोकं फिरलं. लाल पेनाने ‘संदर्भ कुठे?’ असं लिहून मी तिला चार गुण दिले, सद्गुणाला एक या हिशोबाने, आणि आकड्यांचा कागद ऑफिसात देऊन मोकळा झालो.

अंतर्गत परीक्षेत वेगळं पास व्हावं लागतं. तिथे नापास म्हणजे वर्ष गेलं, आणि पदवीशिवाय तिला तलाठी भरतीचा अर्ज भरता येणार नव्हता. हे मला ठाऊक होतं. पण मास्तर माणसाला शिस्तीचा झटका आला की त्याला समोरचं काही दिसत नाही.

निकाल लागायच्या आधीच तिला कुणकुण लागली. ती स्टाफरूममध्ये आली.

“सर, मले चारच काऊन?”

“मोह वेचण्यात कसले आलेत सद्गुण? बनवाबनवी आहे सगळी.”

“बनवून नाई लिहिलं. पाहाले या तुमी.”

मला वाटलं, जाऊच. तिथेच उभं राहून हिचं खोटं पाडू. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी स्कूटर घेऊन तिच्या गावाबाहेर पोचलो. मुलगी, तिची आई आणि शेजारच्या दोन बाया टोपल्या घेऊन निघाल्याच होत्या. मी म्हटलं, तुम्ही या मागून, आणि तरातरा पुढे गेलो. जमिनीवर फुलांचा सडा पडला होता. पहिलं झाड दिसलं तसा मी वाकलो आणि माझी कापडी पिशवी भरायला लागलो. कशाला, ते आजही सांगता येत नाही. फुकट दिसलं की माझा हात थांबत नाही, एवढंच खरं.

“सर, नोका ना! ते झाड आमचं नाई,” मुलगी मागून ओरडली. जंगल सरकारचं असलं तरी कोणत्या मोहाखाली कोणत्या घराने वेचायचं हे गावाचं ठरलेलं असतं, आणि त्या झाडाखालची जागा झाडून-पुसून दुसऱ्याच एका म्हातारीने ठेवली होती. मी भरलेली पिशवी तिथेच ओतली.

“आन् एकल्यानं वाकू नोका,” तिची आई म्हणाली. “वाकलेल्या मान्साले वाघ जनावर समजते. आमी वेचतो, तं एक जन उभा राह्यते.”

त्या दिवशी उभं राहायची पाळी आईची होती. हातात काठी घेऊन ती उभी राहिली, सारखी मोठमोठ्याने बोलत, नजर झाडीकडे. बाकीच्या निवांत वेचत होत्या. टोपली भरली की थांबत होत्या, सगळं ओरबाडत नव्हत्या. तेवढ्यात झाडावरची माकडं एकदम ओरडायला लागली. मी दोन ढांगांत त्या बाईच्या पाठीमागे गेलो आणि तिचा पदर धरला. ती जागची हलली नाही. धैर्याचं मोठं काम लढणं नव्हे, टिकून उभं राहणं, हे माझ्या नोट्समध्ये खाली दोन रेघा मारून लिहिलेलं आहे.

वाघ काही आला नाही. पण अर्ध्या तासात मी चारही सद्गुणांची वाट लावली होती, आणि तिच्या वहीत यातली प्रत्येक गोष्ट तीन पानांत सरळ लिहिलेली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की परत येताना स्कूटर दोनदा बंद पाडली.

मी प्राचार्यांकडे गेलो. म्हटलं, गुण चुकले, सोळा करायचेत. ते म्हणाले, “प्राध्यापकाची चूक लिहिली तर चौकशी लागेल. आकडे भरताना ऑफिसात चूक झाली असं लिहा ना.” मी तसंच लिहिलं. मध्ययुगातले लोक असल्या हुशारीला विवेकाचं सोंग म्हणत. हा मुद्दा परीक्षेत पाच गुणांना येतो. चाराचे सोळा झाले, आणि आकडे भरणाऱ्या कंत्राटी कारकुनाला मेमो मिळाला.

चार दिवसांनी मुलगी पुन्हा आली. मला वाटलं, पेढे घेऊन आली.

“सर, ऑफिसातल्या भाऊले मेमो देल्ला म्हन्तेत. चार तं तुमीच देल्ले होते.”

“अगं, तुझं काम झालं ना?”

“त्याची नोकरी जाईन. दुसरा कागद लिहा.”

मी तिला घाबरवून पाहिलं. म्हटलं, खरं लिहिलं तर सगळं प्रकरण उघडेल, तुझे सोळाचे परत चार होतील, वर्ष जाईल. तिचे डोळे भरून आले. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

“गेलं तं जाऊ द्या,” ती म्हणाली. “लिहा.”

मग मी कागद ओढला. चार हा आकडा माझाच होता आणि तो रागाच्या भरात दिला होता, ऑफिसचा काही दोष नाही, असं लिहून खाली सही केली आणि झटकन घडी घालायला लागलो. बिनतारखेच्या कागदाची ऑफिसात कोणी दखल घेत नाही. तिने माझा हात थांबवला.

“तारीख टाका, सर.”