केसरमावशीचं टपाल

कोसाडच्या आमच्या इमारतीला नवा रंग लागला, त्यात इमारतीचा नंबरही गेला. महिना उलटला तरी कोणी तो पुन्हा लिहीना. शेवटी एका दुपारी केसरमावशी स्टुलावर चढल्या आणि काळ्या ऑइलपेंटने हा एवढा वाकडातिकडा आकडा काढून मोकळ्या झाल्या. सोसायटीचे गुजराती प्रमुख धावत आले. "मासी, आ शुं कर्युं? आखी दीवाल बगाडी नाखी!"

मावशी वरूनच म्हणाल्या, "दीवाल तुमारी, पन चिठ्ठी तो मेरी है ना?"

प्रमुखांनी आकडा पुसून घेतला आणि पाटी लावतो म्हणून सांगितलं. पाटी काही लागली नाही.

मावशी आमच्या शेजारी राहायच्या आणि घरी साड्यांवर टिकल्या लावायच्या. पारोळ्याजवळच्या खेड्यात त्यांची धाकटी बहीण सुमन. लहानपणी तापात तिचे कान गेले. मावशींनीच तिला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं. मावशी इकडे आल्या तेव्हापासून दोघींचं बोलणं पोस्टकार्डावर. पण नंबराविना आमचं टपाल भलत्याच जिन्याखाली जाऊन पडायचं, आणि ते हुडकायला मावशी मला घेऊन फिरायच्या. मी वैतागायची. "मावशी, सुमनमावशींच्या पुतण्याकडे फोन आहे. त्यावर मेसेज टाकते ना मी!"

"मी बहीनले लिखस," त्या म्हणायच्या, "तिना पुतन्याले नही."

आणि मला पुढच्या जिन्याकडे ओढायच्या.

एकदा संध्याकाळी रिक्षावाला सुमनमावशींना दारात सोडून गेला. 'मी येते, उधना स्टेशनवर ये' असं कार्ड त्यांनी आधीच टाकलं होतं. ते आलंच नव्हतं. बाई सकाळपासून स्टेशनच्या बाकावर बसून होत्या. मग रिक्षावाल्यापुढे पत्त्याचा कागद धरला, तर तोही सारख्या दिसणाऱ्या इमारतींतून नुसता घिरट्या घालत राहिला. मावशी बहिणीवर घसा फोडून ओरडल्या, तिला ऐकू येत नाही हे विसरून. आणि मग रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बहिणीला घेऊन प्रमुखांच्या घरी गेल्या आणि दोघी सोफ्यावर बसल्या. "पाटी लगेगी तब उठेंगे." प्रमुखांच्या बायकोने दोनदा चहा दिला. दोघींनी तो घेतला, पण उठल्या नाहीत. दुपारी प्रमुख स्वतः शिडी धरून उभे होते.

पाटी लागली. त्यानंतर वर्षाच्या आत मावशींच्या मुलाने भेस्तानला खोली घेतली आणि मावशी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या. नवा पत्ता कळवूनही सुमनमावशी सवयीने जुनाच लिहितात. कार्डं आता अचूक आमच्या इमारतीत येतात, आणि ती पोचवणं माझ्या गळ्यात पडलं आहे. एकदा मी कार्डाचा फोटो मुलाच्या फोनवर पाठवला, तर मावशी पहिल्यांदाच माझ्याशी भांडल्या आणि खरं कार्ड हातात आणून द्यायला लावलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा दोन रिक्षा बदलून, ट्रॅफिकला शिव्या देत गेले. मावशींनी हात पुसले, कार्ड खिडकीशी नेलं आणि वाचता वाचता खुदकन हसल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पुन्हा हसल्या.

"काय लिहिलंय एवढं?" मी घाम पुसत विचारलं.

त्यांनी कार्ड पोलक्यात सरकवलं.

"तुले काय करनं?"