पूल नाही, फेरा आहे

अकोल्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "हिच्या मेंदूत मधला पूल तयारच झालेला नाही."

आमची जाई तेव्हा दोन वर्षांची. बसायला उशीर, चालणं अजून नाही आणि दोनदा फिट आलेली. मी धामणगाव बढ्यात कृषी केंद्र चालवतो. खतापेक्षा माझ्या गप्पा जास्त खपतात. त्या दिवशी मात्र तोंडातून एवढंच निघालं, "मग बांधून द्या ना साहेब."

डॉक्टरांनी नाव सांगितलं, एजेनेसिस ऑफ द कॉर्पस कॅलोसम. मेंदूचे डावे-उजवे भाग जोडणारा मज्जातंतूंचा पट्टा गर्भातच घडायचा राहतो. "ऑपरेशनने तो करता येत नाही. फिटसाठी औषध देऊ. व्यायाम आणि बोलण्याची थेरपी लगेच सुरू करा. निरोप दुसऱ्या वाटांनी जातात, पण उशिरा. प्रत्येक मूल वेगळं. कधी कधी अशा मुलांना विनोद कळायला जड जातात."

बाकी सगळं ऐकलं, पण रुतलं ते शेवटचं. माझ्या घरात जन्मून विनोद कळणार नाही?

परतीच्या गाडीत मी मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांची नावं घेत बसलो. बायको सुनीता म्हणाली, "माह्या माहेरच्या नदीवर पूल नव्हता, तवा लोक बाजारले जातच नव्हते काय? फेऱ्यानं जात. उगी राहा."

तरी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. तेही तेच निघालं.

शेजारच्या काकू विचारायला आल्या, सुनीतानं ग्रहणात वांगी चिरली होती काय? मी म्हटलं, "नाही काकू, दोडके." तुमच्याकडे अशा काकू आल्या तर ध्यानात ठेवा: आईच्या चिरण्या-कापण्यानं हे होत नाही.

थेरपीवाल्या मॅडमनी दोन्ही हातांची कामं सांगितली. जाई तुरीच्या शेंगा सोलू लागली. दाणे कमी, सांडणं जास्त. हळूहळू चालली, बोलली. हसणं मात्र माझ्या गोष्टींवर कधी नाही.

आता ती सहा वर्षांची आहे. परवा दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, अळीचं औषध द्या."

मी म्हटलं, "काऊन, ताप हाये तिले?"

सगळे हसले. स्टुलावर बसलेल्या जाईनं गंभीरपणे विचारलं, "कोणाले ताप, बाबा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीता तिला फिटचं औषध पाजत होती. जाईनं चमच्याकडे पाहिलं आणि अशी हसत सुटली की औषध माझ्या शर्टावर.

"अळीले ताप! बाबा, अळीले औषध!"

सुनीतानं दुसरा चमचा भरला. "घ्या, आली गाडी फेऱ्यानं."

आजवर माझा एकही विनोद कोणी रात्रभर सांभाळून ठेवला नव्हता.