पुढचं दार, मागचं दार

फिनेलचा वास आला की हैदराबादचा तो दिवस आठवतो. नांदेडहून आम्ही वडिलांना, म्हणजे दादांना, तिथल्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर त्यांच्या एकट्याशीच बोलले. परतताना सिटीबसमध्ये माय आणि मी पुढच्या, बायकांच्या दारानं चढलो, दादा मागच्या. स्टेशन आलं, आम्ही उतरलो, पण दादा उतरलेच नाहीत आणि बस निघून गेली. माय भर रस्त्यात रडायला लागली. रिक्षा करून आम्ही पुढचा थांबा गाठला. तिथं दादा बाकावर बसले होते, डोळे लालभडक. "बसमधी जरा डोळा लागला," ते म्हणाले. "हाव, लागला असंल," म्हणत मायनं पदरानं त्यांचं ओलं तोंड पुसलं. दादांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी ते तेव्हा का उतरले नव्हते, यावर आम्ही मायलेकी अजून बोललेलो नाही.