पुठ्ठ्यामागचा फासा

हे लिहायला बसलो की मी उठतो. पाणी पितो, गॅलरीत जाऊन येतो, स्कूटरची किल्ली जागेवर आहे ना ते बघतो. गोष्ट तशी मोठी नाही. एका खेळात मी खोटं बोललो, एवढीच. पण ज्याच्याशी बोललो त्याच्याच खोलीत बसून, त्याचाच चहा पीत बोललो, आणि पुढं दोन वर्षं गप्प राहिलो.

मी साताऱ्याला एका कारखान्यात माल तपासतो. गेज लावायचं, माप बसलं तर पुढं, नाही बसलं तर बाजूला. कामावर मी कधी खोटा आकडा लिहिलेला नाही, आणि त्याचा मला अभिमानही होता. रविवारी एसटीने कराडला जायचो. तिथे माझ्या शाळेतल्या मित्राचं काचेचं आणि फोटोफ्रेमचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत आम्ही चौघं खेळायला बसायचो: मित्र, मी, फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार आणि इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम. खेळाची पुस्तकं मॅडमनीच आणलेली. एकाने जग सांगायचं, म्हणजे किल्ला, जंगल, पहारेकरी. बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्या जगात आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. जग सांगणारा मी. सगळे मला मास्तर म्हणायचे. आठवडाभर मला कुणी काही विचारत नसे. रविवारी मात्र तीन शहाणी माणसं चार तास माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

सुभेदारांचं पात्र तलवारबाज, मॅडमचं जखमा बऱ्या करणारी बाई. मित्राने मायावी जादूगार घेतला. नसलेली गोष्ट असल्यासारखी दाखवणारा.

अडचण इथेच होती. आगीची जादू असेल तर पुस्तकात सरळ लिहिलेलं असतं, किती फासे टाकायचे, किती इजा. मायेला असं माप नाही. खेळाडूने जे दिसतं ते सांगायचं, आणि समोरच्याला संशय यायला काही कारण मिळेपर्यंत ते खरंच धरायचं. त्याने हात लावला, निरखून पाहिलं, तर मास्तरने त्याच्या वतीने फासा टाकायचा. चौदा किंवा वर पडला तर त्याला कळलं, खाली पडला तर फसला. हा फासा झाकून टाकतात, कारण पहारेकऱ्याच्या मनातलं खेळाडूला दिसून कसं चालेल? त्यासाठी मित्राने फ्रेमच्या जाड पुठ्ठ्याचा तीन घड्यांचा आडोसा करून दिला होता. कडांना काळी पट्टी, अगदी सुबक. मी त्याच्यामागे बसायचो.

मित्र माया सांगायला लागला की तेवढा वेळ जग तो सांगायचा. आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगायचा. माझे किल्ले पुस्तकातले. त्याने एकदा घोडेस्वार अडवायला घाटात लग्नाची वरात उभी केली. बँडवाल्यांपैकी एकाचा गणवेश मापाला मोठा, नवरीच्या मामाचं कुणाशीतरी वाजलेलं. मॅडम हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसल्या.

सुभेदार म्हणाले, ‘‘जेवणाचं काय हाय ते बी सांग की रं. हल्ला जेवून करू.’’

मी पुठ्ठ्यामागे फासा टाकला. सहा. म्हणजे घोडेस्वार फसले. मी म्हणालो, ‘‘सोळा. एकाने घोडा सरळ वरातीतून घातला.’’

का म्हणालो? मला अजून नीट सांगता येत नाही. त्या हसण्यात मी नव्हतो, हे तेवढं आठवतं.

एकदा म्हटल्यावर सोपं झालं. पुढं माझ्या जगातला प्रत्येक माणूस संशयी निघाला, धनगरसुद्धा.

‘‘आवं मास्तर,’’ सुभेदार म्हणाले, ‘‘तुमच्या राज्यात एकबी माणूस भोळा न्हाई व्हय? असली पोरं आमच्या पलटणीत पायजे हुती.’’

सगळे हसले. मीही हसलो.

मग तो रविवार. किल्ल्याच्या दारात सुभेदारांचा तलवारबाज जखमी पडलेला, समोर वीस शिपाई. मित्र म्हणाला, ‘‘मी पूर आणतो.’’

आणि त्याने पूर आणला. आधी गटारीतनं उलटं येणारं पाणी. मग पायरी. मग वास, चिखलाचा आणि डिझेलचा. एक रेक्झिनची चप्पल गोल गोल फिरत येते. लाकडी चौकटी फुगून आपोआप सांधे सोडतात, त्याचा आवाज. तो हळू बोलत होता, कुणाकडे बघत नव्हता. त्याच्या दुकानात खरंच छातीएवढं पाणी शिरलं होतं, फार वर्षं झाली नव्हती. मॅडमनी नकळत पाय उचलून खुर्चीवर घेतले. सुभेदार म्हणाले, ‘‘आयला.’’

मी फासा टाकला. तीन.

मी म्हणालो, ‘‘शिपाई हसतायत. एकाने वाकून हात घातला, हात कोरडाच. ते सरळ चालत येतात.’’

तलवारबाज मेला. सुभेदारांनी वर्षभर जपलेलं पात्र. कागदावर त्याच्या जखमासुद्धा तारखेनिशी लिहिलेल्या. ते म्हणाले, ‘‘जाऊ द्या. हे असं असतंयच.’’ आणि चष्मा पुसत बसले.

मित्राने माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘पाणी बरोबर नव्हतं काय?’’

मी म्हणालो, ‘‘फासा आहे. त्याला कोण काय करणार?’’

मित्राची असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या, नमाजाची वेळ झाली होती. त्या वेळेला आम्ही दर रविवारी खेळ थांबवायचो. तो जाऊन यायचा, येताना चहा सांगून यायचा. त्या दिवशी चहा आला, तोही आला, पण टेबलाशी बसला नाही. बाहेर काउंटरवर बसला. ‘‘ऑर्डर लय हायत गड्या, तुमी खेळा.’’

दोन वर्षं तो बाहेर आणि आम्ही आत. खोली त्याची, पंखा त्याचा, चहा वेळेवर. लाकडी पार्टिशनपलीकडून काच कापल्याचा आवाज येत राहायचा, कर्र, मग टक्. मी वाक्य विसरायचो. मॅडम म्हणायच्या, ‘‘मास्तर, लक्ष कुठाय?’’ एसटीत परत येताना वाटेत उंब्रज आलं की ठरवायचो, सांगून टाकायचं, साताऱ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत बेत मोडलेला असायचा. त्याला वाटत असेल, आपल्याला सांगताच येत नाही; आपल्या घरात शिरलेलं पाणीसुद्धा आपल्याला खरं वाटायला लावता आलं नाही. ह्या विचाराने मी जेवता जेवता उठायचो.

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी मी तासभर आधी गेलो. तो काचेवर पट्टी धरून उभा होता. मी बसलो नाही.

‘‘पुराच्या वेळी फासा तीन पडला होता.’’

त्याने कटर ओढला. टक्. ‘‘ठाव हाय.’’

‘‘काय?’’

‘‘तुझ्या मागं एका सलूनवाल्यानं न नेलेला आरसा टांगला हुता. जरा पुढं कललेला. पुठ्ठ्याच्या आतलं सगळं दिसायचं मला. वरातीच्या वेळचा सहाबी बघितला.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘इचारलं की. पाणी बरोबर नव्हतं काय म्हणून. तुला सांगायला दार उघडून दिलं, तर तू फाशावर ढकललंस.’’ त्याने काचेचा तुकडा कोपऱ्यात टाकला. ‘‘मला नगं सांगूस. मला ठाव हाय. सुभेदारांना सांग, त्यांचा माणूस गेलाय.’’

दोघं आल्यावर सांगितलं. सहा, तीन, आणि मधले जेवढे आठवले तेवढे. मॅडमनी पुठ्ठ्याचा आडोसा घडी करून टेबलाखाली ठेवला. सुभेदारांनी चष्मा काढून डबीत ठेवला.

‘‘फौजेत असला खोटा रिपोर्ट दिला असता ना, मास्तर…’’ वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते केलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाले, ‘‘म्हणजे माझा गडी जित्ता हाय?’’

‘‘आहे,’’ मी म्हणालो.

‘‘आसं कसं?’’ मित्र दारात उभा होता. ‘‘त्या तीनाला आता कुणी साक्षीदार न्हाई, एक मी सोडून. आन म्या आरशात चोरून बघितलेला. टाक परत. त्याच पुरावर. समद्यांसमोर.’’

मी टाकला. फासा टेबलभर घरंगळला, सुभेदारांच्या चष्म्याच्या डबीला लागून थांबला.

सतरा.

शिपायांना खरंच कळलं होतं. मी तोंड उघडलं, पण मित्र हसला, दोन वर्षांत पहिल्यांदा. ‘‘गेला की वो सुभेदार तुमचा गडी. आता खरा गेला.’’

‘‘गेला,’’ सुभेदार म्हणाले, आणि त्यांनी तो जुना कागद पाकिटातून काढून सरळ केला. इतके दिवस जवळ होता, आम्हाला माहीत नव्हतं.

बाहेर गिऱ्हाईक आलं. मित्र गेला. पुढच्या रविवारी बसशील का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. अजून तो बसत नाही. चौथी खुर्ची आम्ही हलवलेली नाही. आता मी फासा उघड्यावर टाकतो आणि पडलेला आकडा मोठ्याने म्हणतो, पार काउंटरपर्यंत ऐकू जाईल असा.