मी लिहिलेला एक्क्याऐंशीचा आकडा

त्या पोस्टवर आमची पाळी नव्वद दिवसांची होती. उंची साडेसतरा हजार फूट, माणसं आठ, फायबरच्या झोपड्या दोन. मी तेव्हा लान्स नाईक. राजूरजवळच्या गावचा. आमचे सेक्शन कमांडर हवालदार शेख रशीद, जुन्या जालन्याचे. एवढ्या लांब बर्फात आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला, याचंच मला पहिले दोन महिने अप्रूप होतं.

हल्ली बदनापूरला मला कधीकधी कुणीतरी शाळेत किंवा कारखान्यात नेतृत्वावर बोलायला बोलावतं. मला त्या विषयातलं एवढंच माहीत आहे, म्हणून मी हेच सांगतो.

रोज सकाळी ०६३० ला पायांची तपासणी व्हायची. उंचीवर बोटं गारठून काळी पडतात, आणि दुखत नाहीत म्हणून जवानाला ते कळत नाही. त्यामुळे कमांडरने प्रत्येकाचे पाय डोळ्यांनी पाहायचे, असा नियम. रशीदभाईंनी त्यात स्वतःची भर घातली होती. आधी ते स्वतःचे मोजे काढायचे आणि सेक्शनमधल्या सगळ्यात ज्युनिअर जवानाला आपले पाय दाखवायचे. तो "ओके" म्हणाला की मगच इतरांची पाळी.

०७०० ला मी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून आकडा रजिस्टरमध्ये लिहायचो. आमच्या तिथं ऐंशीच्या आसपासचा आकडा चांगला. पंच्याहत्तरच्या खाली गेला की लगेच कंपनी हेडक्वार्टरला कळवायचं. ०७१५ ला रशीदभाई रेडिओवर ओके रिपोर्ट द्यायचे. मला आकड्यांची पहिल्यापासून खोड. ते मला मुनीम म्हणत.

"काय मुनीम, आज किती टक्के जित्ता हाव मी?"

"त्र्याऐंशी, उस्ताद."

"काल चौऱ्याऐंशी व्हतो. एक टक्का कुठं सांडला रे? झोपडीत बघ, सापडंल."

आमच्यात सातारच्या पाटण भागातला एक जवान होता, दत्ता. आदल्या वर्षी दुसऱ्या पोस्टवरून त्याला बाराव्या दिवशी आजारी म्हणून खाली न्यावं लागलं होतं. तेव्हापासून सगळे त्याला पाहुणा म्हणायचे. "पाहुणे, चहा घेणार की निघालात?" हे वाक्य मीच काढलेलं. दत्ता हसायचा. ते त्याला किती लागत होतं, हे मला एक्क्याऐंशीव्या दिवशी कळलं.

त्या दिवशी त्याचं बोट यंत्रात घातलं तर आकडा आला सहासष्ट. मी बोट चोळून पुन्हा लावलं. पुन्हा सहासष्ट.

"दादा, नऊच दिस राहिल्यात," तो हळूच म्हणाला. "सर्दी झालीया नुसती. दुसऱ्यांदा खाली गेलो तर जन्मभर पाहुणाच राहीन. तुमी तरी असं करू नगा."

रशीदभाई पाच पावलांवर स्टोव्ह पेटवत होते. मी त्यांना हाक मारायला हवी होती. पण पाहुणा हे नाव पाडणाऱ्यांत मी होतो आणि मला त्याची दया आली. मी एक्क्याऐंशी लिहिलं. ०७१५ ला त्यांनी माझ्या रजिस्टरवर भरवसा ठेवून रिपोर्ट दिला, "सब ठीक."

तेव्हा आभाळ निरभ्र होतं. हेलिकॉप्टर थेट पोस्टवर उतरू शकलं असतं.

१०४५ ला दत्ताला खोकला सुरू झाला. ११०५ ला तोंडातून गुलाबी फेस आला. फुप्फुसात पाणी भरलं होतं. असा माणूस लवकर खाली नेला नाही तर मरतो. रशीदभाईंनी रजिस्टर उघडलं.

"सकाळी एक्क्याऐंशी. चार तासांत एवढं कसं काय?"

"उस्ताद, सहासष्ट होता. मी खोटं लिहिलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते रेडिओकडं वळले. मी शेजारीच उभा होतो.

"साहब, सुबह की रिपोर्ट गलत थी. रीडिंग छियासठ थी, ओव्हर."

"गलत किसने दी? ओव्हर."

"मैंने दी, साहब. गलती मेरी है. कॅज्युअल्टी एक, फेफड़ों में पानी. हेलिकॉप्टर चाहिए, ओव्हर."

तोवर ढग पोस्टवर उतरले होते. हेलिकॉप्टर अडीच किलोमीटर खालच्या हेलिपॅडवरच येऊ शकणार होतं, तेही १५०० पर्यंत. दत्ताला ऑक्सिजन लावून स्लेजवर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या घसरगाडीवर, बांधलं. तिघांना पोस्टवर ठेवलं आणि आम्ही चौघं निघालो. चौघं एकाच दोराला बांधलेले, रशीदभाई पुढं. निघताना मी म्हणालो, "उस्ताद, चूक माझी आहे. पुढं मी चालतो."

"मंग तर तू बिलकुल न्हाई. चूक केलेला माणूस घाई करतो. मागं ऱ्हा, स्लेज बराबर धर."

वाटेत बर्फातली एक खोल भेग होती. तिच्यावर बर्फाचाच पूल होता. सकाळी आठला तो दगडासारखा असतो, दुपारी भुसभुशीत होतो. आम्ही तिथं १३२० ला पोहोचलो. रशीदभाईंनी काठीनं टोचून पाहिलं, दोन पावलं टाकली आणि पूल खचला. दोरानं त्यांना धरलं, पण छाती आतल्या बर्फाच्या कडेवर आदळली. वर काढायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. ते शुद्धीवर होते. दुसऱ्या वाटेनं वळसा घेतला. अर्धं अंतर ते स्वतः चालले, उरलेलं आमच्या खांद्यावर.

१४५० ला हेलिकॉप्टर आलं. त्या उंचीवर त्यात एकच माणूस बसू शकत होता. पायलटनं दोन बोटं दाखवून हात हलवला: दोन नाही.

"पयले दत्ता," रशीदभाई म्हणाले.

"उस्ताद, तुम्हाला आत मार लागलाय."

"मुनीम, हुकूम हाय. आकडे नंतर कर."

हेलिकॉप्टर दत्ताला घेऊन गेलं. दुसरी फेरी ढगांमुळं झाली नाही. १५४० ला हवालदार शेख रशीद गेले. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. माझी लान्स नाईकची फीत गेली. ती जायलाच हवी होती.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाला मी जुन्या जालन्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांचे वडील गाद्या-रजया शिवतात. मी त्यांना चाचा म्हणतो. आलेली माणसं गेल्यावर मी दुकानात त्यांच्यासमोर बसलो आणि सांगितलं. सहासष्ट, एक्क्याऐंशी, पूल, एक जागा. त्यांची सुई थांबली होती.

"रशीदला हे माहीत व्हतं?"

"हो. अकरा वाजताच सांगितलं."

"मंग काय बोलला?"

"रेडिओवर म्हणाले, गलती मेरी है."

चाचांनी रजईवरचा कापूस झटकला. मग म्हणाले, "त्यानं बोललेलं मी कसं बदलू? पर ते चार घंटे तुझ्याकडंच राहतील, बेटा. ते मला घेता येत न्हाई." थोड्या वेळानं त्यांनी आत आवाज दिला, "अगं, एक ताट वाढ. हा राजूरचा पोरगा हाय, रशीदचा."

दत्ता वाचला. आज तो स्वतः हवालदार आहे. सुटी मिळाली की त्या तारखेला तो पाटणहून येतो, मी बदनापूरहून जातो. चाचांना घेऊन आम्ही तिघं कबरस्तानात जातो. कबरीच्या दगडावर लिहिलंय: हवालदार शेख रशीद, वय छत्तीस. चाचा फातेहा पढतात, आम्ही दोघं सावधान उभे राहतो. मग चाचा खाली वाकून, घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगतात, "रशीद, दोघं बी आलेत."