मध चाटवलेलं बाळ

"मध चाटवला का?" मी विचारलं.

आजींनी पदर तोंडाशी धरला. बाळ निळं पडत होतं, तोंडातून सारखा फेस.

"एकच बोट, मॅडम," बाळाचा बाप म्हणाला. जवळच चरोद्याला रेल्वेत आहे तो. "आमच्यात रिवाज आहे."

"रिवाज गेला खड्ड्यात!" मी भडकले. मी नवजात बाळांची सर्जन आहे, आणि माझा आवाज अख्ख्या भिलाईला माहीत आहे.

तोंडातून पोटात नळी घालायला गेले, ती मधेच अडली. एक्स-रेत कळलं, अन्ननलिका जन्मतःच तुटलेली. वरचा तुकडा बंद, खालचा श्वासनलिकेला चिकटलेला. गिळलेलं पोटात जातच नाही, उलटून फुप्फुसात उतरतं. मधही तिथंच गेला होता.

आधी छाती साफ केली, बाळाला जरा सावरू दिलं. ऑपरेशन मला दुर्बिणीनं करायचं होतं. बरगड्यांमधून तीन बारीक छिद्रं, छाती उघडायची नाही. भूल देणारे वर्मा सर ऐकेनात.

"लंग्ज ख़राब हैं मैडम, सीधा खोलो ना."

"ऑक्सिजन पडला तर उघडते. तुम्ही फक्त सांगा."

"पक्का?"

"पक्का."

काडेपेटीएवढी जागा, त्यात केसासारखा दोरा. श्वासनलिकेशी असलेला जोड बांधून तोडला आणि ऑक्सिजन घसरला. "मैडम!" जागा व्हावी म्हणून छातीत भरलेला गॅस मी सोडला आणि हात आवरून थांबले. आकडा हळूहळू चढला. "चलो," सर म्हणाले. मग दोन्ही टोकं जोडली. शेवटची गाठ अशी बसली की मीच स्वतःवर खूश! लाजायचं कशाला? वर्मा सरसुद्धा म्हणाले, "मान गए."

काही दिवसांनी एक्स-रेत दिसणारं औषध पाजून फोटो काढला. कुठे गळती नाही. आता पहिलं दूध द्यायचं, तर आजी गायब. जिन्यात बसल्या होत्या.

"मले नोको बोलावू बाई. माह्याच हातानं झालं."

"आजी, बाळ आईच्या पोटात असतानाच त्याची अन्ननलिका तुटलेली होती. मधानं त्रास वाढला, खरं आहे. पण हा आजार तुम्ही नाही दिला. चला."

आईच्या दुधाचा चमचा मी त्यांच्याच हातात दिला. बाळानं ओठ मिटले, गळा हलला. फेस नाही, ठसका नाही.

"गेलं वो बाई, खाली गेलं!" आजी ओरडल्या, अगदी माझ्यापेक्षा मोठ्यानं. माझेही डोळे भरले.

तेव्हापासून आमच्या वॉर्डात अशा बाळाचा पहिला चमचा आजीच्या हातचा. मधाचा मात्र नाही.